मामा खोकं बुडाकडून उघडतात

आमच्या मामांनी आजवर कुठलीही वस्तू झाकणाकडून उघडलेली नाही. बिस्किटाचा पुडा असो, औषधाची बाटली ठेवलेला डबा असो की कुणी प्रेमाने दिलेली भेट, ती आधी उलटी होते, कानाशी हलवली जाते आणि मग बुडाकडून उघडली जाते.

"झाकण दाखवायला असतं," मामा सांगतात. "ज्याला काही लपवायचंय तो झाकणावर मेहनत घेतो. बुडावर कोण घेतो?"

मामीने एकदा गंमत म्हणून बरणी मुद्दाम उलटी करून त्यांच्या हातात दिली. मामांनी ती दोन्हीकडून वाजवली, मामीकडे बराच वेळ पाहिलं आणि न उघडताच परत केली. बरणीवरचा संशय तिथेच मिटला, पण मामीवरचा अजून चालू आहे.

यात त्यांचा दोष नाही, धंदाच तसा आहे. शहराबाहेरच्या एका गोदामात परदेशातून यंत्रं आणि त्यांचे सुटे भाग येतात. त्या लाकडी पेट्या आणि खोकी उघडायची, आणि माल फुटका, कमी किंवा भलताच तर नाही ना ते बघायचं, हे मामांचं काम. बाकीच्यांना पगार कामाचा मिळतो, मामांना शंकेचा. सुट्टी झाली की ते कटावणी आणि हातोडी कपाटात ठेवतात आणि शंका तेवढी घरी घेऊन येतात. गोदामात त्यांना सगळे 'एक्स-रे' म्हणतात. तिथला क्रेनवाला मला म्हणाला होता, "तुझे मामा पेटीभोवती असे फिरतात ना, की पेटीच गुन्हा कबूल करेल असं वाटतं."

मी परीक्षेच्या अभ्यासासाठी गावाहून येऊन त्यांच्याकडे राहतो. माझ्यावरही त्यांचा संशय आहे, पण तो अभ्यासापुरताच, आणि तो अगदीच निराधार नाही.

पेट्या उघडता उघडता मामांनी जगाचा एक स्वतःचा इतिहास-भूगोल तयार केला आहे. देशांची खरी नावं ते घेत नाहीत. त्यांचे देश म्हणजे थंडीवाले, बेटवाले, वाळूवाले. थंडीवाल्यांच्या पेटीत हवा शिरायला जागा नसते. मामांचं म्हणणं, जिथे अर्धं वर्ष बाहेर पालासुद्धा उगवत नाही, तिथला माणूस पणजीच्या काळापासून भरून ठेवायला शिकलेला असतो. बेटवाल्यांची पेटी हलकी, पण आतली वस्तू चारी बाजूंनी बांधलेली, कारण जमीन हलते तिथली माणसं वस्तू पडणारच हे धरून चालतात. वाळूवाले आधी सगळं कापडात गुंडाळतात आणि मग काय गुंडाळलं ते आठवत बसतात. आणि ज्या देशावरून शेजाऱ्यांची सैन्यं सतत येत-जात राहिली, तिथल्या पेटीला गरजेपेक्षा जास्त खिळे, शिवाय आत एखादा कप्पा असा की कागदोपत्री त्याचा पत्ताच नाही.

"आणि आपली पेटी?" मी विचारलं होतं.

"आपली कुठे असते? आपण त्यांचीच उलटी करून वापरतो. वरचं नाव खरवडायचेही कष्ट घेत नाही."

मला वाटलं, एवढ्या शिक्षणाचा कुठेतरी उपयोग करावा. म्हणून मी त्यांना दाखवून दिलं की मागच्या वेळी चोरकप्पा निघाला तो देश तर आजोबांच्या जन्माआधीपासून एकही लढाई लढलेला नाही. मामा जेवून उठले. दुसऱ्या दिवशी आंघोळीला जाताना दारात थांबून म्हणाले, "लढाई झाली नाही म्हणजे भीती नव्हती असं कुणी सांगितलं? शेजारी कोण आहेत ते बघ." मामांचा सिद्धांत असा रबरी आहे. कुठल्याही देशावर चढतो.

एका गोष्टीबद्दल मात्र ते थंडीवाल्यांना मानायचे. त्यांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत दुमडणाऱ्या फळीच्या आतल्या बाजूला, अगदी कोपऱ्यात, पेनाने काढलेलं एक वर्तुळ असतं आणि वर्तुळात आकडा. ज्याने खोकं भरलं त्याचा तो नंबर. आत काही फुटलं तर त्या नंबराला विचारतात. "निदान कुणीतरी तोंड पुढे करतं," मामा म्हणायचे. त्यांच्या तोंडून ही स्तुती म्हणजे सोन्याचं पदक.

आणि नेमकी त्याच देशात आमची ताई गेली.

ताई म्हणजे मामांची एकुलती एक मुलगी, माझी मामेबहीण. दोन वर्षांच्या करारावर गेली. ऑफिसची नोकरी, कंप्युटरवर बसून हिशेब लिहायचे, बाहेर बर्फ आणि आत ऊब, असं तिनेच सांगितलं होतं. 'ऑफिस' या शब्दासाठी मामांनी जन्मभर कष्ट काढले होते. ताई लहानपणी डबा घेऊन गोदामावर यायची, तेव्हा मामा तिला फाटकाबाहेर उभी करायचे. आत पाऊल टाकू द्यायचे नाहीत. धुळीने त्यांना खोकला लागला तो लागलाच, आणि डाव्या अंगठ्याचं नख एका पेटीने नेलं ते परत आलं नाही. "माझ्या मुलीने खिळ्याला हात लावायचा नाही," हे वाक्य आमच्या घरात भिंतीवर लिहायचं तेवढं राहिलं होतं.

आता करार संपत आला होता. एका रविवारी फोनवर ताई म्हणाली, "बाबा, हे लोक म्हणतायत अजून तीन वर्षं राहा. राहू की परत येऊ? तुम्ही सांगाल तसं. पुढच्या रविवारी सांगा, सोमवारी मला कळवायचंय."

फोन ठेवला तसे मामा खुर्चीत सरसावून बसले.

"हिने मला कधी काही विचारलंय?" ते म्हणाले. "शाळेत विषय बदलला, विचारलं? केस कापून आली, विचारलं? तिकडे जायचं ठरवलं तेव्हासुद्धा तिकीट काढून सांगितलं. मग आताच का विचारते?"

"मोठी झाली," मामी म्हणाली.

"मोठी माणसं विचारत नाहीत. अडचणीतली विचारतात."

झालं. तो आठवडा आमच्या घरात एका अख्ख्या देशाची चौकशी चालली. मामांचा हिशेब सरळ होता. पोरगी तिकडे सुखात असेल तर राहू दे, नसेल तर सोमवारच्या आत परत बोलवायची. ती स्वतः खरं सांगणार नाही, कारण ती झाकण आहे. बूड शोधायला हवं.

"तू इतिहास-भूगोल शिकलास ना?" त्यांनी मला धरलं. "सांग थंडीवाल्यांचा."

आता आमच्या गावच्या शाळेत इतिहास आणि भूगोल एकच सर शिकवायचे, आणि तास संपत आला की दोन्ही एकदम आवरायचे. त्यामुळे माझ्या डोक्यात अजूनही राजे वाऱ्यांबरोबर येतात आणि डोंगर तहात जातात. तरी मी पुस्तक काढलं.

"आधी राजा होता," मी वाचलं. "मग नव्हता. मग परत होता. आता आहे, पण नावाला."

"म्हणजे लहरी लोक."

"कारखान्यांतल्या कामगारांनी मोठे संप केले, तेव्हापासून कामाचे तास ठरले."

"संप का केले?"

"थंडीत मरायचे म्हणून."

"बघ!" मामा मामीकडे वळले. "आणि पोरगी फोनवर म्हणते, तिथे तशी फार थंडी नसते."

"अहो, सवय झाली असेल तिला."

मामा एकदम हळू आवाजात म्हणाले, "तेच तर. थंडीची सवय झाली की माणूस तिथलाच होतो."

मग त्यांनी तो विषय झटकला आणि ताईच्या खोलीतल्या झाडावर घसरले. फोनवर ताई नेहमी एकाच भिंतीला टेकून बसते, आणि तिच्या खांद्यामागे कुंडीत एक झाड दिसतं. "एवढ्या दिवसांत त्याला एक पान जास्त आलं नाही की एक गळलं नाही," मामा म्हणाले. "प्लास्टिकचं आहे. घरात प्लास्टिकचं झाड कोण ठेवतं? ज्याला बघणाऱ्याला फसवायचंय तो."

"आपल्या टीव्हीवर कसलं आहे?" मामीने विचारलं.

"ते तू आणलंस," मामा म्हणाले, आणि तोही मुद्दा मामीच्या खात्यावर गेला.

शुक्रवारी ताईचं पार्सल आलं. पुठ्ठ्याचं खोकं, फार मोठं नाही. मामांनी जमिनीवर जुने कागद पसरले, चष्मा लावला, खोक्याभोवती गुडघ्यांवर एक चक्कर मारली, वास घेतला, टकटक केलं. मग खोकं उलटं केलं आणि बुडाच्या टेपखाली सुरीचं टोक घातलं.

आत सगळ्यात वर मामीची शाल होती, घडी आमच्याकडे तोंड करून. तिच्याखाली माझे लोकरी मोजे. तळाशी, कागदाच्या वळकट्यांमध्ये बसवलेलं, भिंतीवर टांगायचं काचेचं थर्मामीटर. म्हणजे आमच्या बाजूने बघितलं तर सगळं जिथल्या तिथे. वरून उघडलं असतं तर आधी काच हाताला लागली असती.

"बघितलंस?" मामांचा चेहरा उजळला. "बाप बुडाकडून उघडणार हे धरून भरलंय. पोरीला अक्कल आहे."

त्यांनी थर्मामीटर उजेडात धरलं आणि लगेच कपाळाला आठी घातली. "शून्याखाली एवढी घरं? वर आहेत तितकीच खाली? ज्या देशात फार थंडी नसते तिथल्या मापाला एवढं मोठं तळघर कशाला लागतं?"

मी हसलो. मामाही जरासे हसले, रिकामं खोकं बाजूला करू लागले आणि थांबले. फळीच्या आतल्या बाजूला, अगदी कोपऱ्यात, पेनाने काढलेलं एक वर्तुळ होतं. वर्तुळात सत्तेचाळीस. सातच्या पोटात आडवी रेघ, जशी ताई शाळेपासून मारते.

मामांनी टेपचं टोक बोटाने चाचपलं. ते दुमडलेलं होतं. गोदामातली माणसं दुमडतात तसं, म्हणजे पुढच्या खोक्याला टेप ओढताना टोक नखाने शोधत बसावं लागत नाही.

"दुकानातून भरून घेतलं असेल," मी म्हणालो.

"दुकानदाराला काय माहीत, मी बुडाकडून उघडतो ते?"

"मग ताईनेच भरलं."

"तिने भरलं. मग बापाला पाठवायच्या खोक्यावर नंबर कशाला घातला? बाप फुटल्या मालाची तक्रार करणार आहे?" मामांनी ती फळी उलटसुलट केली. "मुद्दाम नाही घातला. हाताने घातला. दिवसभर जो हात तेच करतो, त्याला घरचं खोकं आणि कामाचं खोकं यातला फरक कळत नाही."

"म्हणजे काय?" मामीने शालीतून विचारलं.

"म्हणजे तुझी लेक ऑफिसात नाही. गोदामात आहे. माझंच काम करते, उलट्या बाजूने. मी उघडतो, ती भरते."

मामीला आश्चर्य वाटलं, पण जरा उशिरा वाटलं. मामांच्या ते नजरेतून सुटलं नाही. ते शालीकडे बघत राहिले. त्या रात्री मामीने वाढलेली भाजीसुद्धा त्यांनी खालून ढवळून बघितली.

शनिवारी ते कामावर गेले, पण क्रेनवाल्याने मला फोन केला. "एक्स-रेला काय झालंय? सकाळपासून थंडीवाल्यांच्या पेट्या झाकणाकडून उघडतोय आणि आतले नंबर वाचत बसलाय. मालाकडे बघतच नाही."

रविवार दुपार. फोन टेबलावरच्या डब्याला टेकवून ठेवला. मामा समोर, मामी बाजूला, मी मागे. ताई आली, मागे तीच भिंत, तेच झाड.

"शाल आवडली का आई? बाबा, थर्मामीटर नीट पोचलं?"

"पोचलं," मामा म्हणाले. "अंगठा दाखव."

"काय?"

"डावा अंगठा. कॅमेऱ्यासमोर धर."

ताईने उजवा दाखवला.

"मी डावा म्हणालो."

तिने डावा वर केला. त्याला चिकटपट्टी होती. टेप कापायच्या दातेरी पात्याने कापतं तिथेच, पेराच्या बाहेरच्या अंगाला.

"पातं ओढताना अंगठा आत घ्यावा," मामा म्हणाले. "बाहेर ठेवायचा नसतो. सत्तेचाळीस नंबर."

ताईने तोंडावर हात ठेवला. मामी मान खाली घालून शालीच्या दशा मोजायला लागली, तेव्हा तिला हे किती दिवसांपासून ठाऊक होतं याचा मलाही अंदाज आला.

"नंबर घातला मी?" ताई म्हणाली. "त्या खोक्यावर? अरे देवा."

"ऑफिस कुठे गेलं?"

"होतं बाबा. खोटं नव्हतं. पहिला हिवाळा मी ऑफिसातच काढला. ऑफिस म्हणजे हॉलच्या कोपऱ्यातली काचेची खोली. हीटर एक, तोही म्हाताऱ्या हेडक्लार्कच्या पायाशी. मी कोट घालून टाइप करायचे. बोटं वाकायची नाहीत. आणि काचेतून बघावं तर हॉलमधली माणसं शर्टावर काम करतायत! मी मागूनच घेतलं, मला हॉलमध्ये टाका म्हणून. तुम्हाला सांगायची हिंमत नाही झाली."

"हॉल गरम?" मामांनी डोळे बारीक केले. "आणि साहेबांचं ऑफिस गार? कुठल्या देशात असं असतं?" ते माझ्याकडे वळले. "तू वाचलंस ना सगळं? कुठल्या मालकाने कामगारांसाठी आपणहून कोळसा जाळल्याचं लिहिलंय?"

"असं तर कुठे नाही आठवत," मी म्हणालो.

"म्हणजे ही परत झाकण लावतेय."

"कामगारांसाठी नाही हो बाबा!" ताई ओरडलीच. "टेपसाठी. गारठ्यात टेप चिकटत नाही. खोकी वाटेत उकलायची, माल परत यायचा. म्हणून हॉल गरम ठेवतात. माणसांसाठी काही नाही."

मामा खुर्चीत पुढे सरकले. मग म्हणाले, "टेपसाठी?"

"टेपसाठी."

"फोन ठेवू नकोस."

ते उठले. पार्सलची फळी घेतली, तीच नंबरवाली, कात्रीने तिचा एक तुकडा कापला, नंबर सोडून, आणि टेपच्या रोलाबरोबर फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवून दिला. मामी म्हणाली, "अहो, पोरगी ताटकळलीय." मामा म्हणाले, "तिच्याच भल्यासाठी ताटकळलीय." आणि फ्रीजला पाठ टेकून उभे राहिले, जणू कुणी मधेच येऊन पुरावा बदलणार होतं.

तेवढ्या वेळात मामी आणि ताई शेजारणीच्या तब्येतीवर बोलल्या. मी ताईला विचारलं, "ते झाड प्लास्टिकचं का गं?" ती म्हणाली, "हो. इथे हिवाळ्यात उजेडच नसतो, खरं जगत नाही. दोन मारली, मग हे आणलं." फ्रीजपाशी उभ्या मामांनी मान हलवली. एक आरोप सिद्ध झाला होता, पण आरोपीची बाजूही पटली होती. असं त्यांच्या बाबतीत क्वचित होतं.

अखेर त्यांनी कप्पा उघडला. गार पुठ्ठ्यावर गार टेप दाबली, अंगठ्याने दोनदा घासली आणि तुकडा उभा धरला. टेप वरच्या टोकाकडून सुटत आली, लोंबली आणि अलगद जमिनीवर पडली. मामांनी पुन्हा लावली. ती पुन्हा पडली.

ते खुर्चीत येऊन बसले. टेपचा तो तुकडा त्यांच्या बोटात होता.

"माणसांसाठी हॉल गरम ठेवतात असं म्हणाली असतीस," ते म्हणाले, "तर उद्याच परत बोलावलं असतं. माणसांसाठी केलेलं कधीही बंद होतं. साहेब बदलला, राजा गेला, सरकार पडलं, की पहिला हीटर बंद. पण टेपसाठी आहे म्हणतेस, तर कुणाच्या बापाला बंद करता यायचा नाही. माल परत येईल ना."

"म्हणजे?" ताईने विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

"राहा."

ताई रडायला लागली आणि रडता रडता हसायलाही लागली. मामीने लगेच आपलं रडणं त्यात मिसळलं. मामा मात्र कामावरच होते. "पण एक सांग. हॉलचं दार कुठल्या बाजूला? माल बाहेर काढताना उघडतं ना? तू त्या दारापासून किती लांब बसतेस?"

"शेवटच्या टेबलावर बाबा. मधे कापडी पडदे आहेत."

"धूळ?"

"पुठ्ठ्याची असते थोडी. मास्क देतात. आणि दुपारी सूप फुकट असतं."

मामांची मान वर आली. मी ती खूण ओळखतो. पण त्यांनी स्वतःला आवरलं आणि म्हणाले, "अंगठा आत घेत जा. आणि तो नंबर चांगला आहे. बदलू देऊ नकोस."

फोन बंद झाला. मामांनी थर्मामीटर भिंतीवर टांगलं, पारा वाचला, बाहेर डोकावून ऊन बघितलं, परत पारा वाचला. "याला अजून इकडची सवय नाही," असं म्हणून त्यांनी त्याला चार दिवसांची मुदत दिली. नंबर असलेली फळी त्यांनी टाकली नाही. ती कपाटाच्या आतल्या बाजूला लावली. दारावर नव्हे; दार म्हणजे झाकण.

मामी चहा ठेवायला गेली. मग मामा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "सूप फुकट देतात म्हणाली. ऐकलंस ना? हीटर टेपसाठी, ते समजलं. सूप कशासाठी? जरा त्या देशाचा इतिहास परत काढ."

"पहिल्या पानापासून वाचू?"

मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू एवढे दिवस त्यांच्या घरात राहून मी काहीच शिकलो नाही.

"शेवटून," ते म्हणाले.